सहा बोटं, एक तळवा

मला डच येत नाही. आज हे वाक्य मी चहा पिता पिता लिहून टाकलं, पण टेक्सासमधल्या नोकरीच्या त्या चार वर्षांत ते तोंडातून काढायची माझी एकदाही हिंमत झाली नाही. नोकरी, व्हिसा, बायको, पुढे झालेली मुलगी, सगळं त्या न बोललेल्या वाक्यावर उभं होतं.

मी नागपूरहून तेलाचं इंजिनिअरिंग शिकायला गेलो होतो. पदवी हातात पडेपर्यंत ह्यूस्टनमधलं तेलाचं काम आटायला लागलं होतं. आमच्या वर्गातले गोरे विद्यार्थीसुद्धा पिझ्झा पोचवत होते, तिथे मला कोण विचारणार? व्हिसाची मुदत संपायला सात आठवडे उरलेले असताना शुगर लँडच्या अलीकडे एका छापखान्यात कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करणारा माणूस हवाय अशी जाहिरात दिसली. छापखाना लहान, मालक उंच आणि घाईचा. त्याने माझा बायोडेटा चाळला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पुण्यात मावशीकडे राहून मी सहा महिने जर्मनचा वर्ग केला होता, ते मी जागा भरायला म्हणून लिहिलं होतं. मालक म्हणाला की जर्मन आणि डच म्हणजे एकच की, नाही का? मी मान हलवली. तेवढंच केलं मी. पण त्याच्यासाठी ते पुरेसं होतं.

त्याला एक मोठं काम मिळालं होतं. तेलाचे करार करणाऱ्या वकिलांसाठी डच-इंग्रजी कायद्याच्या शब्दांचा कोश. पानावर दोन अरुंद रकाने. शब्द ओळीत मावला नाही की कॉम्प्युटर तो तोडायचा, आडवी रेघ द्यायचा आणि उरलेला तुकडा खालच्या ओळीत ढकलायचा. इंग्रजी शब्द कुठे तोडायचे ते त्याला ठाऊक होतं, डच शब्द कुठे तोडायचे ते मी शिकवायचं होतं. आणि डच लोकांना कायद्याचं काही बोलायचं झालं की ते शब्दाला शब्द चिकटवत सुटतात. समास आपल्याकडेही आहेत, पण आपण कुठेतरी दम घेतो. दायित्वाच्या विम्याला त्यांच्याकडे आनस्प्राकलकहाइट्सफरझेकरिंग म्हणतात, सलग, मध्ये श्वासालाही जागा नाही. असले शब्द त्या कोशात दर दुसऱ्या ओळीला होते.

मी जर्मनच्या पुस्तकातले नियम लावले. पहिली शंभर पानं वकिलांकडे तपासायला गेली आणि परत आली तेव्हा पांढरं कमी, लाल जास्त दिसत होतं. मालक ओरडला नाही. त्याने गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि महिनाभरात हे सुधार, नाहीतर काम दुसरीकडे जाईल, असं शांतपणे सांगितलं. काम गेलं की मी गेलो, हे सांगायची गरज नव्हती. जेवणाच्या सुट्टीत मी गाडीत जाऊन बसलो. ऑगस्टमधलं टेक्सास, गाडीचा एसी बंद पडलेला. कुणाला आवाज जाऊ नये म्हणून मी काचा वर केल्या आणि रडलो. घामाने आणि रडण्याने शर्ट इतका भिजला की आत गेल्यावर मालकाने बरं वाटत नाही का असं विचारलं.

त्याच महिन्यात महाराष्ट्र मंडळाचा गणपती होता, एका शाळेच्या हॉलमध्ये. बायकोने करंज्या केल्या होत्या आणि डब्याच्या तळाला माझ्याच टाकाऊ पानांपैकी एक पान घातलं होतं. जेवणानंतर स्वयंपाकघरात एक बाई डबे रिकामे करून धूत होत्या. एका डॉक्टरांच्या घरी मुलं सांभाळायला असलेल्या, पन्नाशीच्या. डॉक्टरीणबाई त्यांना मदतीला घेऊन आल्या होत्या. हिंदी बोलतात, पण वेगळंच काहीतरी हिंदी, एवढंच आमच्यातल्या बायकांना त्यांच्याबद्दल माहीत होतं. मी डबा घ्यायला गेलो तर त्या ते तेलकट पान खिडकीशी धरून वाचत होत्या आणि खुदुखुदु हसत होत्या.

"ई साबुन का फेन कहाँ से आया?" त्यांनी मला विचारलं.

मग त्यांनी बोट ठेवून दाखवलं. शब्द होता रेख्त्सऑपफोल्खर, म्हणजे एखाद्याचा हक्क पुढे चालवणारा वारस. रेख्त्स वेगळा, मागचा ऑपफोल्खर वेगळा. माझ्या मशिनने पहिल्या शब्दाच्या शेपटातला स तोडून दुसऱ्याच्या डोक्यावर बसवला होता, त्यामुळे दुसरा तुकडा सॉपपासून सुरू होत होता. सॉप म्हणजे साबणाचा फेस. वकिलांनी तिथे लाल रेघ का मारली होती ते मला तोवर कळलं नव्हतं.

त्या दक्षिण अमेरिकेतल्या, पूर्वी डचांच्या ताब्यात असलेल्या सुरिनामच्या होत्या. पणजोबा उत्तर प्रदेशातल्या बस्तीकडून जहाजात बसून ऊस तोडायला तिकडे गेलेले. घरात भोजपुरीच्या वळणाची बोली, शाळेत आणि कचेरीत डच. तिथल्या राजधानीत, पारामारिबोमध्ये, एका नोटरीकडे त्यांनी चौदा वर्षं खरेदीखतं आणि मृत्युपत्रं टाइप केली होती. ऐंशी साली तिथे लष्कराने सत्ता घेतली, हॉलंडला जायचं दारही त्याच सुमारास बंद झालं, तेव्हा टुरिस्ट व्हिसावर ह्यूस्टनला आल्या आणि व्हिसा संपला तरी राहिल्या. हे सगळं त्यांनी डबे पुसता पुसता सांगितलं. मी तिथेच त्यांना काकू म्हटलं. माझ्या तोंडून आपोआपच आलं ते.

आज वाटतं, सगळ्याची सुरुवात तिथेच झाली. आपल्याकडे एखाद्या बाईला काकू म्हटलं की तिने आपल्यासाठी केलेलं काम हे काम राहत नाही. ते घरचं होतं. घरच्याची पावती कोण देतं, नोंद कोण ठेवतं?

डॉक्टरांची मुलं मोठी झाली होती, काकूंना तिथून निघायचंच होतं. आमच्याच अपार्टमेंटच्या आवारात एल साल्व्हादोर देशातल्या दोन बायकांबरोबर त्या एका खोलीत राहायला आल्या. भाडं त्या दोघींच्या नावावर. काकू दिवसा आवारातली पोरं सांभाळायच्या आणि संध्याकाळी पाचला आमच्याकडे यायच्या. मी कार्डांचा खोका उघडायचो. एका कार्डावर एक शब्द. काकू बायकोबरोबर भेंडी चिरायला नाहीतर पोळ्या लाटायला बसायच्या आणि मी कार्ड समोर धरलं की तो शब्द मोठ्याने म्हणायच्या. शब्दाच्या प्रत्येक तुकड्याला पोळपाटावर दोन बोटं आपटायची. जिथे एक शब्द संपून दुसरा सुरू होतो त्या जोडावर मात्र अख्खा तळवा. बोटाला मी कार्डावर टिंब द्यायचो, तळव्याला उभी रेघ. कॉम्प्युटरला मी सांगितलं की आधी रेघेवर तोड, रेघ सापडली नाही तरच टिंबावर. बास, एवढंच माझं डोकं त्यात आहे. बाकी हजारो कार्डं काकूंच्या हातांची होती, आणि त्यांतल्या पुष्कळांवर अजून कणकेचे डाग असतील.

महिन्याने पानं वकिलांकडून परत आली तेव्हा लाल शाई शोधावी लागत होती. मालकाने मला मिठी मारली. मग तो म्हणाला की तो माझ्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करेल. त्यासाठी पेपरात जाहिरात द्यावी लागते, हे काम करू शकेल असा अमेरिकन माणूस मिळत नाही हे सरकारला दाखवावं लागतं. त्याच्या वकिलाने जाहिरातीत लिहिलं: डच कायदेशीर भाषेचं ज्ञान आवश्यक. तसा दुसरा कुणी आला नाही. अर्जावर मी सही केली. त्या संध्याकाळी घरी जिलबी केली होती हे आठवतं. काकूंनी तीन खाल्ल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मुलगी झाली. सासूबाईंना मुंबईच्या अमेरिकन कचेरीने दोनदा व्हिसा नाकारला. हॉस्पिटलने दोन दिवसांत बायकोला घरी पाठवलं, आणि मला तर बाळ धरायची भीती वाटायची. काकूंनी चाळीस दिवस रोज सकाळी येऊन माय-लेकींना तेल लावलं, अंघोळ घातली, बायकोच्या पोटाला पट्टा बांधला. त्या तिला दुलहिन म्हणायच्या. पुढे मुलगी खायला लागल्यावर तिला भरवताना ताटलीवर तेच करायच्या, दोन बोटं, दोन बोटं, आणि घास तोंडात गेला की तळवा. पोरगी खदखदून हसायची.

मग तो माफीचा कायदा आला. ब्याऐंशी सालच्या आधीपासून कागदपत्रांशिवाय देशात असलेल्यांना कायम राहता येणार होतं. अर्जाला एक वर्षाची मुदत. अट अशी की मधल्या सगळ्या काळात इथेच होता याचा पुरावा द्यायचा. चर्चमधली एक बाई असल्या लोकांचे अर्ज भरून द्यायची, काकू तिच्याकडे जाऊन आल्या. सुरुवातीच्या वर्षांचं पत्र डॉक्टरांनी दिलं. शेवटच्या वर्षाचं, त्या नंतर जिथे कामाला लागल्या होत्या ते पाळणाघर चालवणाऱ्या एकीने दिलं. मधली दोन वर्षं, त्या आमच्याकडे कोशाचं काम करत होत्या ती, उघडी पडली. खोली नावावर नाही, बँक नाही, विजेचं बिल नाही. चर्चमधली बाई म्हणाली होती की ओळखीच्यांची पत्रं सगळेच आणतात, कामाचं पत्र हवं. ज्याच्यासाठी काम केलं त्याने काय काम, कधीपासून कधीपर्यंत, ते लिहून नोटरीसमोर सही करावी.

काकूंनी हे मला सांगितलं तेव्हा त्या मुलीचे लंगोट घडी करत होत्या. "दो लाइन लिख दे, बेटा," एवढंच म्हणाल्या.

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. आणि रात्री हिशोब करत बसलो. सरकारात माझी एक फाइल होती, तिच्यात लिहिलं होतं की डच मला येतं आणि कोशाचं काम मी केलं. आता मी सही करून दुसरी फाइल बनवायची, तिच्यात लिहायचं की डच काकूंना येतं आणि काम त्यांनी केलं. दोन्ही फायली एकाच खात्यात, कदाचित एकाच इमारतीत. माझा अर्ज खोटा ठरला असता. आम्ही तिघं विमानात बसलो असतो, आणि पुन्हा या देशाचा व्हिसा मिळाला नसता. हे सगळं खरं होतं. पण त्यातल्या कशाचंही ओझं काकूंनी उचलायचं नव्हतं, हेही तितकंच खरं होतं, आणि ते मला तेव्हाही कळत होतं.

मी टाळायला लागलो. मालक गावात नाही, त्याला विचारल्याशिवाय कसं लिहू. नोटरी सुट्टीवर आहे. छापखान्यात गडबड आहे, पुढच्या आठवड्यात नक्की. काकू पुन्हा विचारायच्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघायच्या. मी उशिरा घरी यायला लागलो. पार्किंगमधून त्यांच्या चपला आमच्या दारासमोर दिसल्या तर गाडीतच बसून राहायचो. असे किती महिने गेले, सांगायची लाज वाटते. हिवाळा अख्खा गेला.

बायकोने एकदा सरळ विचारलं, "तू लेटर का देत नाहीयेस?"

मी तिला फायलींचं समजावलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "मग मी लिहिते. मी पाहिलंय ना सगळं. बाळंतपण केलंय त्यांनी माझं."

"तुझं लेटर म्हणजे माझंच लेटर. ॲड्रेस सेम आहे. प्लीज, यार, दोन महिने थांब."

ती थांबली. मला तिचा राग आला होता, कारण ती बरोबर होती. मी तिच्यावर ओरडलो की तुला परत नागपूरला जायचंय का, तिथे मला कोण नोकरी देणार आहे. मुलगी दचकून रडायला लागली. त्यानंतर आमच्यात हा विषय निघाला नाही. इतर विषयही कमीच निघाले.

मुदत संपायला दहाएक दिवस राहिले तेव्हा मी पत्र लिहिलं. छापखान्याच्या कागदावर नाही, साध्या कागदावर. या बाईंना मी शेजारी म्हणून ओळखतो, त्या सुस्वभावी आणि धार्मिक आहेत, आमच्याच आवारात राहतात. कामाचा शब्द नाही, कोशाचा नाही. काकूंना देताना मी म्हटलं की मालक तयार झाला नाही. मालकाला मी कधी विचारलंच नव्हतं.

काकूंनी चष्मा लावला आणि आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून ते वाचलं. आठ ओळी वाचायला त्यांना खूप वेळ लागला. चौदा वर्षं त्यांनी असलेच कागद हाताळले होते. बायको ओट्यापाशी पाठ करून उभी होती, नळ सुरूच होता.

"इसमें हम का करत रहे, ऊ नहीं लिखा," त्या म्हणाल्या.

 त्यांनी कागदाची घडी घातली, नीट, कडेला कड लावून, आणि माझ्यासमोर ठेवली. मग त्यांच्या बोलीत सावकाश सांगितलं की नोटरीकडे असा अर्धा कागद आला की ते लोक तो फाडत नसत. परत देत असत, म्हणजे माणसाला वाटलं तर तो जाऊन पुरा लिहून आणेल. आवाजात राग नव्हता. राग असता तर मीही काहीतरी बोलू शकलो असतो. त्यांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चपला घालून गेल्या.

दहा दिवस तो कागद टेबलावर होता. रोज सकाळी मी ठरवायचो की आज पुरा लिहायचा. पेन काढायचो. मुलीकडे बघायचो, पेन खिशात घालायचो. शेवटच्या दिवशी दुपारी मी छापखान्यात घड्याळाकडे बघत बसलो होतो. अर्ज घेणारी कचेरी बंद व्हायची वेळ झाली आणि मला हायसं वाटलं. हो, हायसंच वाटलं.

काकूंनी त्या दोन वर्षांची जागा रिकामी सोडून अर्ज दिला होता, असं त्यांच्या साल्व्हादोरच्या मैत्रिणीकडून कळलं. उन्हाळ्यात नकार आला. एका शनिवारी त्यांची खोली रिकामी झाली. कुणी म्हणालं न्यू यॉर्ककडे गेल्या, तिकडे सुरिनामशेजारच्या गयानाच्या लोकांत त्यांची कुणी भाची होती. आमच्या दारापाशी मुलीसाठी विणलेला पिवळा स्वेटर ठेवलेला होता, दोन मापं मोठा. चिठ्ठी नव्हती.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आमची मुलाखत झाली. मी टाय लावला होता, बायकोने साडी नेसली होती, मुलगी मांडीवर, अंगात तो स्वेटर. थंडी होती आणि दुसरा गरम कपडा धुवायला टाकलेला होता. मी काढायला सांगितला होता, बायकोने काढला नाही. समोरचा अधिकारी निवृत्तीला आलेला, चांगल्या मनाचा दिसत होता. त्याने फाइल उलटली, कोशाची छापलेली प्रत चाळली आणि हसून म्हणाला की इतके लांब शब्द माणूस म्हणतो तरी कसा, एखादा म्हणून दाखव.

सगळी कार्डं डोक्यातून पुसली गेली. एकच उरलं. माझा हात आपोआप त्याच्या टेबलावर गेला आणि दोन बोटं आपटायला लागली. खे. टाउ. खन. मग तळवा. फर. क्ला. रिंग. खेटाउखनफरक्लारिंग.

अधिकाऱ्याने अर्थ विचारला. मी सांगितला, साक्षीदाराचा जबाब. तो खूश झाला, शिक्का शोधायला लागला.

मुलगी माझ्या हाताकडे बघत होती. तिने मान वळवून दाराकडे पाहिलं आणि मोठ्याने हाक मारली, "काकू?"

अधिकाऱ्याने शिक्का हातात धरून विचारलं की काय म्हणतेय ती. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"नथिंग, सर," मी म्हणालो.